थडग्यातल्या मूर्ती लिलावात काढू नका : आमच्या शहरातील संग्रहालयाच्या विश्वस्तांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपण नुकत्याच सभासदांना पाठवलेल्या पत्रकात दोन निर्णय कळवले आहेत. प्राचीन अमेरिकेच्या दालनाची फेरमांडणी करून त्यातील पश्चिम मेक्सिकोच्या मातीच्या मूर्ती ‘प्राचीन खेड्यातले आनंदाचे क्षण’ या शीर्षकाखाली ठेवल्या जातील, हा पहिला निर्णय. त्याच संग्रहातील ज्या मूर्ती आपल्या तज्ज्ञांना एकसारख्या वाटल्या, त्यांपैकी काही लिलावात विकून येणारा पैसा नव्या खरेदीसाठी वापरला जाईल, हा दुसरा. या दालनात मी अनेक वर्षे स्वयंसेवी मार्गदर्शक म्हणून काम करते आहे. दोन्ही निर्णयांवरचे माझे आक्षेप मी आपल्या कार्यालयाकडे इंग्रजीत लेखी दिले होते. आलेल्या उत्तरात माझ्या सेवेबद्दल आभार मानले होते. आक्षेपांविषयी त्यात एक अक्षरही नव्हते. म्हणून हे जाहीरपणे लिहावे लागत आहे.

ते मराठीत लिहिण्याचे कारणही सांगते. अमेरिकेतल्या या शहरातील बरीच मराठी कुटुंबे आपल्या संग्रहालयाची सभासद आहेत, काही नियमित देणगीदार आहेत, आणि रविवारच्या मराठी शाळेतली मुले दरवर्षी या दालनात येतात. त्यांना मी ज्या मूर्ती दाखवल्या, त्यांचे पुढे काय होणार आहे हे त्यांच्या पालकांना कळले पाहिजे. या पत्राचा इंग्रजी मसुदा आपल्याकडे स्वतंत्रपणे पोहोचेलच.

प्रथम या मूर्ती कुठून आल्या ते मांडते, कारण आपल्या पत्रकात ‘थडगे’ हा शब्द एकदाही आलेला नाही. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० पासून इसवी सन ४०० च्या आसपासपर्यंत, आजच्या नायारित, हालिस्को आणि कोलिमा या राज्यांच्या प्रदेशात राहणारे लोक आपल्या मृतांसाठी जमिनीत उभा कूप खणत असत. त्याच्या तळाशी, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या घट्ट थरात, बाजूला एक किंवा अधिक कोठड्या कोरल्या जात. काही कूप दोन-तीन मीटरच खोल आहेत. हालिस्कोतील एत्सातलानजवळच्या एल आरेनाल येथील कूप १५ मीटरहूनही खोल आहे. धातूच्या अवजारांशिवाय एवढे खोदकाम करणे हे एका घराचे काम नव्हे. कोठडीत मृतदेह, अन्नपाण्याची भांडी, शंख-शिंपल्यांचे दागिने आणि या मूर्ती ठेवल्या जात, कोठडीचे तोंड दगडी फरशांनी बंद केले जाई आणि कूप बुजवला जाई. मूर्ती मृतासोबत पुरण्याची चाल त्या भागात याहूनही जुनी आहे. मिचोआकानमधील एल ओपेन्यो येथे इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमाराच्या थडग्यांतही लहान मूर्ती मिळालेल्या आहेत.

म्हणजे आपल्या कपाटातला तो गुबगुबीत, लाल, घोटून चकाकी आणलेला कोलिमाचा कुत्रा, ज्याच्यापुढे मुले सर्वांत जास्त वेळ थांबतात, तो घडवला गेला त्या काळी एकदा अंधारात ठेवल्यावर पुन्हा कोणी त्याच्याकडे पाहावे अशी अपेक्षा बहुधा नव्हती. काही थडगी पुन्हा उघडून त्यांत नवे मृत ठेवले गेले, जुनी हाडे एका बाजूला सारली गेली, हे खरे आहे. पण ते उघडणे कुटुंबाचे होते.

पुण्यात पुरातत्त्व शिकताना ज्या उत्खननावर आमचा पाया घातला गेला, ते घोड नदीकाठचे इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ते खणले. तिथे लहान मुलांना दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडून घराच्या जमिनीखाली पुरलेले होते. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. आणि वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक माणूस मांडी घालून बसवलेला होता. ते घर गावातल्या मोठ्या असामीचे असावे, असे आज म्हणता येते, कारण रांजण कुठे होता, शेजारी धान्याचे कोठार होते, देह कसा बसवला होता, हे सगळे जागेवर मोजून लिहून ठेवलेले आहे. तो रांजण जर कोणी रात्री उकरून बाजारात विकला असता, तर आज एका अनोळखी दिवाणखान्यात ‘चार पायांचे प्राचीन भांडे’ म्हणून उभा असता. पश्चिम मेक्सिकोच्या मूर्तींच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि म्हणून मला गप्प बसवत नाही.

त्या भागात थडगी फोडून मूर्ती विकणाऱ्यांना ‘मोनेरो’ म्हणतात. जगभरच्या संग्रहालयांत आज ज्या हजारो मूर्ती आहेत, त्यांतल्या बहुतेक त्यांच्याच हातून बाहेर आल्या. कोणत्या थडग्यातून आली, कोणाच्या डोक्याशी होती, शेजारी स्त्रीचा देह होता की पुरुषाचा, यांतले काहीही नोंदले गेले नाही. १९४६ मध्ये मेक्सिको सिटीतील बेयास आर्तेस राजवाड्यात पश्चिम मेक्सिकोच्या प्राचीन कलेचे मोठे प्रदर्शन झाले. त्यातल्या बहुतेक वस्तू चित्रकार दिएगो रिवेरा यांच्या संग्रहातील होत्या. त्यानंतर या मूर्तींना मागणी वाढली आणि खोदणाऱ्यांचे फावले. रिवेरा यांचे या कलेवरचे प्रेम खरे होते, आणि त्यांचा संग्रह त्यांनी अनाउआकाली संग्रहालयाच्या रूपाने मेक्सिकोच्याच जनतेला दिला. तरीही त्या प्रेमाची किंमत थडग्यांनी मोजली, असे माझे मत आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार शीर्षकाबद्दल आहे. ढोल वाजवणारे, बाळाला पाजणारी आई, घराच्या ओसरीत दाटीने बसलेली माणसे, चेंडूचा खेळ, हातात गदा घेतलेला योद्धा, हे सर्व पाहून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकही म्हणत की हे लोक साधे, हसरे होते आणि त्यांनी रोजचे जीवन मातीत उतरवले, त्यात धर्म शोधण्याचे कारण नाही. १९६० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ पीटर फर्स्ट यांनी हा समज प्रथम जोरदारपणे मोडून काढला. डोक्यावर शिंग असलेले, पवित्रा घेतलेले पुरुष हे केवळ योद्धे नसून मृतांचे रक्षण करणारे शामान, म्हणजे परलोकाशी व्यवहार करणारे मांत्रिक असावेत, अशी मांडणी त्यांनी पश्चिम मेक्सिकोतील वीचोल या आदिवासी लोकांच्या आजच्या श्रद्धांच्या आधारे केली. फर्स्ट यांचे सगळेच निष्कर्ष आज मान्य होत नाहीत. आजच्या वीचोलांवरून दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांबद्दल किती बोलावे, हा वाद रास्त आहे. परंतु मूर्ती थडग्यासाठीच्या आहेत आणि त्यांचा अर्थ थडग्याच्या संदर्भातच लावला पाहिजे, याबद्दल वाद उरलेला नाही.

तो उरू नये असा पुरावा १९९३ मध्ये मिळाला. हालिस्कोतील उइत्सिलापा येथे पुरातत्त्वज्ञ लोरेन्सा लोपेस मेस्तास आणि होर्खे रामोस दे ला वेगा यांना एक न लुटलेले थडगे सापडले. ७.६ मीटर खोल कूप, तळाशी दोन कोठड्या, प्रत्येकीत तीन माणसे. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा. सहांपैकी बहुतेकांच्या मानेच्या मणक्यांत एकच जन्मजात दोष होता, म्हणजे ते एकमेकांचे रक्ताचे नातलग असावेत. थडगे एका घराण्याचे होते. त्यांतील सर्वांत मानाचा पुरुष सुमारे ४५ वर्षांचा होता. जेड आणि शिंपल्यांचे दागिने, हजारो शिंपल्यांच्या मण्यांनी शिवलेले वस्त्र आणि भोवती रंगवलेले शंख यांनी त्याचा देह सजवलेला होता. भांडी आणि मातीच्या मूर्ती देहांच्या शेजारी ठेवलेल्या होत्या. मूर्ती कोणाच्या आहेत आणि कोणासाठी आहेत, या प्रश्नाला घराणे, पूर्वज, मान, वारसा हे उत्तर तिथे प्रथमच जागेवर सापडले. हे सगळे बाजूला ठेवून आपण १९४० च्या दशकातल्या समजुतीकडे परत निघाला आहात.

जुन्या मांडणीत कपाटाच्या मागे कूपाचा आणि कोठडीचा उभा छेद दाखवणारे एक मोठे चित्र होते. ते काढून तिथे सूर्योदयाचे रंग दिले आहेत. मुलांना थडग्याची भीती वाटेल, असे मला सांगण्यात आले. माझा अनुभव उलट आहे: मुलांचे सर्वांत चांगले प्रश्न त्या चित्रापुढेच येतात. कुत्र्याला आत का ठेवले, हे एका मुलीने विचारले, तेव्हा मी तिला दोन शक्यता सांगितल्या. सोळाव्या शतकात साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूंनी नोंदवलेल्या, मध्य मेक्सिकोतील नाहुआ लोकांच्या श्रद्धेनुसार मृताला नदी पार करायला कुत्रा मदत करतो, ही एक. कुत्रे खाण्यासाठी पाळून पुष्ट केले जात, त्यामुळे तो मृताचा शिधा असू शकतो, ही दुसरी. शिवाय नाहुआंची नोंद कोलिमाच्या कुंभारांनंतर हजारांहून अधिक वर्षांनी झाली आहे, हेही मी सांगितले. ‘आनंदाचे क्षण’ या पाटीखाली यातली कोणतीच गोष्ट सांगता येणार नाही.

या मूर्तींवर मृत्यूची खूण अक्षरशः चिकटलेली असते. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट पिकरिंग यांनी अशा मूर्तींच्या पृष्ठभागावर माश्यांच्या कोषांची कवचे आणि त्यांचे ठसे शोधून काढले. त्या अळ्या देहावर वाढल्या आणि कोष करण्यासाठी शेजारच्या मूर्तीवर चढल्या. आपल्या कपाटातल्या नायारितच्या बसलेल्या स्त्रीच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, तांदळाच्या दाण्याएवढे लांबट ठसे आहेत. ते तसलेच आहेत की नाही हे तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण नव्या मांडणीत तिची पाठ भिंतीला लावलेली आहे आणि तपासणीचा विषय कोणाच्याही यादीत नाही.

दुसरी तक्रार विक्रीची. ‘एकसारख्या’ म्हणून वगळलेल्या मूर्तींची यादी मी वाचली. नायारितमधील इश्तलान देल रिओ शैलीच्या मूर्तींचे एक जोडपे त्यात तोडलेले आहे. स्त्रीच्या हातात वाटी आहे, पुरुषाच्या हातात ढोल. तिच्या कमरेच्या वस्त्रावरचा पांढरा-लाल नागमोडी पट्टा आणि त्याच्या अंगरख्यावरचा पट्टा एकाच हाताने ओढलेला दिसतो, दोघांच्या कानांत सारख्याच कड्यांची रांग आहे. यादीप्रमाणे पुरुष राहणार आणि स्त्री विकली जाणार, कारण बसलेल्या स्त्रियांच्या मूर्ती आपल्याकडे आणखी आहेत. अशी जोडपी थडग्यात जोडीनेच ठेवलेली असावीत, असे अभ्यासक मानतात. मोनेरोंनी थडग्याची माहिती नष्ट केली. त्यातून जे एवढेसे उरले आहे, ते आपण आपल्या हाताने तोडणार आहात. मातीचे पृथक्करण करून वेगवेगळ्या संग्रहांतल्या मूर्ती एकाच ठिकाणच्या आहेत का, हे तपासण्याची साधने आज उपलब्ध आहेत. खासगी खरेदीदाराच्या घरात गेलेल्या मूर्तीची अशी तपासणी कोण करणार?

तिसरी तक्रार कागदपत्रांची आहे आणि तिचे उत्तर मला सर्वांत आधी हवे आहे. आपल्या बहुतेक पाट्यांवर ‘एका खासगी संग्राहकाची भेट’ एवढेच लिहिलेले आहे. मेक्सिकोने १८९७ मध्येच प्राचीन स्मारके राष्ट्राच्या मालकीची ठरवली होती, आणि १९७२ च्या कायद्याने तर स्पॅनिशांपूर्वीची प्रत्येक वस्तू, मग ती केवढीही लहान असो, राष्ट्राची मालमत्ता झाली. अमेरिकेने त्याच वर्षी केलेला आयातबंदीचा कायदा मात्र मोठी दगडी शिल्पे आणि भित्तिचित्रे यांच्यापुरताच होता. मातीच्या मूर्ती त्यातून सुटल्या आणि नेमक्या त्याच येत राहिल्या. पुढे १९७० च्या दशकातल्या मॅकलेन खटल्यात, मेक्सिकोच्या मालकीची वस्तू परवानगीशिवाय बाहेर काढणे हा अमेरिकेतही चोरीचा गुन्हा ठरू शकतो, असे न्यायालयाने मान्य केले. २००८ मध्ये कला संग्रहालयांच्या संचालकांच्या संघटनेने १९७० हे वर्ष मर्यादा म्हणून स्वीकारले, म्हणजे त्यापूर्वी मूळ देशाबाहेर असल्याचा पुरावा नसलेली प्राचीन वस्तू सहसा घेऊ नये. हे सर्व आपल्या कायदेशीर सल्लागारांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. मग विकायला काढलेली प्रत्येक मूर्ती मेक्सिकोतून केव्हा आणि कोणत्या परवानगीने बाहेर पडली, हे जाहीर करण्यात अडचण कसली आहे? २०२१ मध्ये पॅरिस आणि म्युनिक येथील प्राचीन मेक्सिकन वस्तूंच्या लिलावांना मेक्सिकोच्या सरकारने जाहीर हरकत घेतली होती. लिलाव तरीही झाले. त्या रांगेत एका सार्वजनिक संग्रहालयाने जाऊन बसावे, हे मला सभासद म्हणून लाजिरवाणे वाटते.

याच तक्रारीची एक बाजू आपल्याच इमारतीत, शेजारच्या दालनात दिसते. या देशातील मूलनिवासी जमातींच्या थडग्यांतील वस्तू त्या जमातींना परत करण्यासाठी १९९० चा कायदा आहे. त्याखाली जानेवारी २०२४ पासून नवे नियम आले, तेव्हा आपण त्या दालनातली काही कपाटे झाकलीत, जमातींशी पत्रव्यवहार सुरू केलात आणि तसा फलकही लावलात. ते योग्यच केलेत. पण मृतासोबत ठेवलेली वस्तू सीमेच्या उत्तरेकडची असेल तर तिच्यापुढे आपण थांबता, आणि दक्षिणेकडची असेल तर तिची किंमत काढता. कायदा तिथपर्यंत पोहोचत नाही हे मला मान्य आहे. संग्रहालयाला विवेकाने वागायला कायद्याची वाट पाहावी लागू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. या लोकांचे थेट वारस सांगता येत नाहीत, असेही आपल्याकडून म्हटले जाते. वारस नसले तरी देश आहे. तिथल्या पुरातत्त्व संस्थेचे लोक कोलिमाजवळच्या व्हिया दे आल्वारेस येथे घरबांधणीच्या आधी जाऊन थडगी वाचवत आहेत. याच संस्कृतीची वर्तुळाकार चौथऱ्यांची वास्तू असलेले हालिस्कोतील तेउचित्लान २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

चौथी तक्रार थोडक्यात. विकायच्या मूर्ती अस्सल आहेत, हे आपण कशावरून म्हणता? व्हेराक्रूझमध्ये १९७४ साली प्राचीन मूर्ती बाळगल्याच्या आरोपावरून पकडल्या गेलेल्या ब्रिगिदो लारा या मूर्तिकाराने तुरुंगात माती मागवून तशाच मूर्ती घडवून दाखवल्या आणि सुटका करून घेतली. त्यांनी घडवलेल्या मूर्ती तोवर परदेशी संग्रहांत मानाने बसलेल्या होत्या. पुढे व्हेराक्रूझमधील हलापा शहराच्या संग्रहालयाने त्यांनाच कामावर ठेवले. ती गोष्ट मेक्सिकोच्या पूर्वेच्या, आखाताच्या किनाऱ्याची असली तरी पश्चिमेच्या मूर्तींच्याही नकला भरपूर झाल्या. थडग्यात शतकानुशतके राहिल्याने मूर्तींवर येणारे मँगनीजचे काळे ठिपके खोटे रंगवणारे कारागीरही होते. मूर्ती खऱ्या असतील तर त्या विकण्याचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. खोट्या असतील तर त्या प्राचीन म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत. लिलावासाठी निवडलेल्या सर्व मूर्तींची विक्री तत्काळ थांबवावी आणि तसे सभासदांना लेखी कळवावे. पश्चिम मेक्सिकोच्या संग्रहातील प्रत्येक वस्तूची, छायाचित्रासह आणि ती कोणाकडून, कोणत्या वर्षी, कोणत्या कागदपत्रांसह आली या माहितीसह, यादी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर टाकावी. माहिती नसेल तिथे ‘माहिती नाही’ असे स्पष्ट लिहावे. ती यादी मेक्सिकोच्या इथल्या वाणिज्य दूतावासाला आपण होऊन पाठवावी, आणि ज्या मूर्ती आपल्याला नकोशा झाल्या आहेत त्या लिलावगृहाकडे नेण्याऐवजी आधी मेक्सिकोला परत देऊ कराव्यात. थडग्याचे चित्र कपाटामागे पुन्हा लावावे, शीर्षक बदलावे, आणि मूर्ती थडग्यांतून, बहुतांशी लुटलेल्या थडग्यांतून, आल्या हे पहिल्याच फलकावर सांगावे. १९७० पूर्वी मेक्सिकोबाहेर असल्याचा पुरावा नसलेली कोणतीही भेट यापुढे स्वीकारू नये. ते जोडपे तोडू नये, ही मागणी मी वेगळी नोंदवते, कारण बाकीच्या मागण्यांवर चर्चा चालू असतानाही ती आजच मान्य करता येण्यासारखी आहे.

मूर्ती कोठारात बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. त्या मी वर्षानुवर्षे आनंदाने दाखवल्या आहेत आणि पुढेही दाखवायची इच्छा आहे. परंतु ‘आनंदाचे क्षण’ या फलकापुढे उभे राहून मार्गदर्शन करण्यास मी नकार देत आहे. इतर दालनांतले माझे काम ठरल्याप्रमाणे चालू राहील. विश्वस्त मंडळाची पुढची बैठक सभासदांसाठी खुली आहे. तिथे वरील मुद्दे मांडण्यासाठी मला वेळ द्यावा आणि तोवर लिलावगृहाशी कोणताही करार करू नये, अशी विनंती आहे. ज्या मराठी सभासदांना हे पटते, त्यांनी आपल्या सभासद क्रमांकासह कार्यालयाला स्वतंत्र पत्र लिहावे.

आपली विश्वासू,
प्राचीन अमेरिका दालनाची एक स्वयंसेवी मार्गदर्शक आणि सभासद